ओढ्यातलं पान आणि ध्रुवाजवळचा समुद्र

आज सुरुवात ठाकुरवाडीच्या ओढ्यापासून. ओढ्यातून पाणी किती वाहतं, हे कसं मोजाल? सोपं आहे. पळसाचं पान सोडायचं, ठरावीक अंतर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघायचं. वेग मिळाला. त्याला रुंदी आणि खोलीने गुणलं की साधारण प्रवाह कळतो.

आता ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधली फ्राम सामुद्रधुनी घ्या. रुंदी सुमारे ४५० किलोमीटर, खोली अडीच हजार मीटरपेक्षा जास्त. तिथे पान कोणी सोडलं?

पहिलं पान अपघाताने पडलं. १८८१ मध्ये 'जॅनेट' हे अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं सामान थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ सापडलं! नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने ओळखलं, की बर्फाखालचं पाणी वाहतंय. मग त्याने जहाजाचंच पान केलं. १८९३ मध्ये 'फ्राम' मुद्दाम बर्फात अडकवलं. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते स्वालबार्डजवळ मोकळं झालं. सामुद्रधुनीला नाव त्याच जहाजाचं.

पण पान फक्त वरचं सांगतं. इथे तर पूर्वेकडून कोमट पाणी उत्तरेला जातं, आणि पश्चिमेकडून थंड पाणी बर्फ घेऊन दक्षिणेला येतं. म्हणून १९९७ पासून जर्मन आणि नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी तळाला वजन, वर तरंगते गोळे आणि मधल्या दोरावर यंत्रं, अशा माळाच ओळीने पाण्यात उभ्या केल्या.

आणि आपण? गोव्यात, वास्कोला आपली ध्रुवीय संशोधन संस्था आहे. तिने चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेसोबत 'इंडआर्क' नावाची अशीच माळ बनवली. २३ जुलै २०१४ ला ती स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डनमध्ये, १९२ मीटर खोल पाण्यात उतरली. फ्राम सामुद्रधुनीतलं कोमट पाणी या खाडीत शिरतं.

खरी धाकधूक पुढे. तिथे रेंज नाही! वर्षभराच्या नोंदी यंत्रातच राहतात. जहाजातून आवाजाचा इशारा द्यायचा, वजन सुटलं तर माळ वर येते. नाही सुटलं, तर सगळं वर्ष पाण्यात. आपली माळ वर आली, नोंदी मिळाल्या, आणि ती पुन्हा पाण्यात उतरली.

हा खटाटोप कशाला? ध्रुवाकडचे बदल आणि आपला मोसमी पाऊस यांचं नातं समजावं, हाही त्यामागचा एक हेतू. राब भाजून आभाळाकडे बघणाऱ्या आपल्या आजीलाही तेच हवंय ना? पाऊस कधी येणार!

भेटू पुढच्या भागात.