एअर पिस्तूल नेमबाजी : सुरुवात कशी करायची आणि कोणतं पिस्तूल चालतं?

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये पदक जिंकलं. त्याआधी 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण पटकावलं होतं. गावातल्या पोरापोरींनाही आता हा खेळ खुणावतोय. पण घाईत चुकीचं पिस्तूल घेतलं, तर पैसे पाण्यात जातात. त्यामुळे आधी नियम समजून घेतलेले बरे.

खेळ कसा असतो?
निशाण 10 मीटरवर असतं. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त 11.5 मिलिमीटर. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 नेम मारायचे, म्हणजे जास्तीत जास्त 600 गुण. त्याआधी सरावाच्या नेमांसाठी 15 मिनिटं मिळतात. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही.

पिस्तुलाचे नियम
- छर्रा 4.5 मिलिमीटरचा. एका वेळी एकच भरायचा.
- पिस्तुलाचं वजन 1500 ग्रॅमपेक्षा जास्त नको.
- पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.
- चाप ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. हे तपासायला चापाला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. चाप आधीच सुटला तर पिस्तूल बाद. स्पर्धेनंतरच्या तपासणीत असं घडलं, तर खेळाडूच बाद होऊ शकतो.
- दुर्बीण किंवा लेसर चालत नाही. साधी माशीच लागते.
- मूठ मनगटाला टेकता कामा नये. पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ, कडं, पट्टा नको.
- घोटा झाकणारे बूट चालत नाहीत.
- हवेच्या सिलिंडरची मुदत 10 वर्षं. जुनं पिस्तूल घेताना ही तारीख आधी बघा.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक या स्पर्धेत चालत नाही.

खर्च किती?
परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. म्हणून सुरुवातीला विकत घेऊच नका. बऱ्याच क्लबमध्ये सरावाला क्लबचं पिस्तूल मिळतं. काही महिने त्यावर हात बसू द्या. आवड टिकली, प्रशिक्षकाने हो म्हटलं, मगच खरेदीचा विचार करा.

कुठे जायचं?
जिल्हा नेमबाजी संघटना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. जिल्ह्यातून राज्य आणि तिथून राष्ट्रीय, अशी स्पर्धांची पायरी असते. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडा संकुलात मोठी शूटिंग रेंज आहे.

सुरक्षितता आधी
पिस्तुलाचं तोंड कायम निशाणाकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. सुरुवात आणि थांबण्याचा हुकूम रेंज अधिकाऱ्याचा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुवूनच जेवा. घराच्या अंगणात किंवा शेतात नेम मारायचा प्रयोग करू नका. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो.

घरी सराव करायचा तर भिंतीवर छोटं काळं टिपकं लावा, रिकामा हात खांद्याच्या उंचीवर धरा आणि तो स्थिर ठेवायचा प्रयत्न करा. यात एक रुपयाही लागत नाही.