जुन्या गाडीचे ऑटोमॅटिक गिअर : बिघाड ओळखण्याची रीत

अमेरिकेत नव्याने स्थिरावणाऱ्या अनेक कुटुंबांची पहिली गाडी दहा-पंधरा वर्षे वापरलेली असते. तिचे गिअर धक्के देऊ लागले की गॅरेजमध्ये पुष्कळदा एकच सल्ला मिळतो : ट्रान्समिशन बदला. हा खर्च काही वेळा गाडीच्या किमतीहूनही अधिक असतो. मात्र गिअर नीट न बदलण्याचे कारण दरवेळी गिअरबॉक्सच्या आत नसते. म्हणून तपासणी स्वस्त आणि बाहेरच्या कारणांपासून सुरू करून आत जाणे श्रेयस्कर ठरते.

लक्षणांची नोंद

भारतात हाताने गिअर बदलत गाडी शिकलेल्या चालकाला क्लच घसरल्याची जाणीव ओळखीची असते. ऑटोमॅटिक गाडीतही इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही. यालाच घसरणे म्हणतात. ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलणे, जोराचा धक्का बसणे, ठरावीक वेगाला थरथर जाणवणे आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकणे ही अन्य प्रमुख लक्षणे होत.

लक्षण इंजिन थंड असताना दिसते की तापल्यावर, एकाच गिअरमध्ये की सर्व गिअरमध्ये, हे लिहून ठेवावे. सर्वच गिअर घसरत असतील तर तेलाची पातळी, फिल्टर किंवा पंप यांचा संशय येतो. एकच गिअर त्रास देत असेल तर त्याचा सोलेनॉइड किंवा क्लच. थंडीत गाडी उशिरा हलत असेल, तर कडक झालेले रबरी सील हे एक संभाव्य कारण असते.

प्रथम तेल

ट्रान्समिशनचे तेल इंजिन ऑइलप्रमाणे जळून कमी होत नाही. ते कमी झाले असेल तर गळती आहे, असेच समजावे. बहुतेक गाड्यांत तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, ‘पार्क’मध्ये डिपस्टिक पाहतात, होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून. त्यामुळे गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते; ती तपासणी गॅरेजमध्येच होते.

बहुतेक तेले नवी असताना लाल असतात. काळपट रंग आणि जळका वास क्लच प्लेट झिजल्याचे सुचवतात. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरमधील कूलंट त्यात मिसळले. अशी गाडी चालवू नये. तेल बदलताना पॅनमधील चुंबकावर दिसणारी बारीक राखाडी भुकटी सामान्य असते, धातूचे तुकडे नव्हेत. चुकीच्या प्रतीचे तेलही थरथर निर्माण करते.

मग विद्युत यंत्रणा

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ओबीडी-२ ही निदानप्रणाली अनिवार्य आहे. पी०७०० हा कोड ट्रान्समिशन नियंत्रणात दोष नोंदला गेल्याची केवळ वर्दी देतो. नेमका दोष दुसऱ्या कोडमध्ये असतो. पी०७३० चुकीचे गिअर गुणोत्तर दर्शवतो, तर पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे बोट दाखवतो. साधा स्कॅनर ट्रान्समिशनचे कोड वाचेलच असे नाही.

कोड म्हणजे निकाल नव्हे. कमकुवत बॅटरी, गंजलेली अर्थिंगची जोडणी, बिघडलेला वेग-सेन्सर किंवा थ्रॉटल सेन्सर यांमुळेही गिअर अवेळी बदलतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणापूर्वीच्या काही गाड्यांत थ्रॉटलची केबल दाब ठरवते. तिची जुळणी बिघडली तर चांगले क्लचही जळतात.

फसवी लक्षणे

इंजिनाचा मिसफायर पुष्कळदा ट्रान्समिशनची थरथर वाटतो. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६५ ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात थरथर होत असताना डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करावा. थरथर लगेच थांबली तर लॉक-अप क्लचचा संशय बळावतो. गिअरमध्ये टाकताना येणारा ‘धाड’ आवाज तुटलेल्या इंजिन माउंटचाही असू शकतो.

निर्णय

सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीची दुरुस्ती बहुतेकदा ट्रान्समिशन न उतरवता होते. क्लच प्लेटसाठी मात्र ते उघडावेच लागते. त्यामुळे ‘बदला’ असे सांगणाऱ्या गॅरेजकडून कोड, तेलाची स्थिती आणि दाबाचे मोजमाप लेखी मागावे व दुसरे मतही घ्यावे. कॅलिफोर्नियात दुरुस्तीपूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे कायद्याने बंधनकारक आहे.

जळका वास, सतत घसरण किंवा रिव्हर्स न लागणे यांपैकी काही दिसल्यास गाडी महामार्गावर नेऊ नये, टो करून न्यावी. घसरणाऱ्या क्लचवर केलेला प्रत्येक प्रवास दुरुस्तीचा खर्च वाढवतो.