घोरपड, माळ आणि दोरावरची पकड

वरंध घाट उतरून पोलादपुराकडे वळलें कीं उमरठ गांव लागतें. तेथें तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. तानाजी म्हटले कीं कोंडाणा, आणि कोंडाणा म्हटला कीं लोकांस आधीं आठवते ती घोरपड! कमरेला दोर बांधलेली यशवंती कड्यास चिकटली आणि मावळे वर गेले, असें पोवाड्यांतून आपण ऐकत आलों. घोरपड कपारींत घट्ट रुतते हें खरें. परंतु एवढ्याशा जनावरानें शेंकडों मर्दांचा भार पेलावा, हें पटत नाहीं.

कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस बखर लिहिली ती या प्रसंगानंतर तीस वर्षांच्या आंत. तींत घोरपड नाहींच. पांचशें माणसांतून दोन मावळे निवडले. ते वानरांप्रमाणें कडा चढले. त्यांनीं वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लाविली आणि तिच्यावरून तानाजींसह तीनशें माणूस गडावर गेलें. ४ फेब्रुवारी १६७० ची ही गोष्ट. त्या दोघांचीं नांवें बखरींत नाहींत, आणि कीर्ति मात्र घोरपडीस मिळाली!

आमच्या महाड तालुक्यांतील लिंगाण्यावर आजहि हीच रीत चालते. पहिला गडी दोर पक्का करतो, मागचे त्यावरून येतात. फरक आहे तो पकडीचा. मावळा दमला तर त्यास स्वतःच्या मुठीवांचून आधार नव्हता. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनीं १९३१ सालीं एक गांठ प्रसिद्ध केली; ती भार पडतांच आवळते, भार काढतांच सरकते. पुढें १९५८ सालीं स्वित्झर्लंडांत यूसी व मार्टी यांनीं हेंच काम करणारा दांतेरी चाप, म्हणजे जुमार, बनविला. यूसी यांस गरुडांच्या अभ्यासासाठीं दोरावरून चढावें लागे.

जुमार दोन लागतात. एकावर भार असतां दुसरा वर सरकवावयाचा. कड्यास धरावयास खांच नसेल तेथें मेखा ठोकून, त्यांस दोरीच्या पायऱ्या अडकवून चढतात. तेव्हां कमरेचा पट्टा मेखेशीं जोडणारी दोरी लांबी कमीअधिक करतां येईल अशीच घ्यावी. एक पायरी चढतांच ती सैल पडते. तेथल्या तेथें आंखडली कीं भार कमरेवर जातो व हात मोकळे होतात. ठराविक लांबीच्या दोरीनें हें साधत नाहीं.

मात्र हीं साधनें लोंबकळण्यासाठीं आहेत, पडण्यासाठीं नव्हेत. असली आंखूड दोरी फारशी ताणत नाहीं. तिच्यावर उंचावरून पडणाराच्या कमरेस सगळा हिसका बसतो. जुमारचे दांते तर मोठ्या हिसक्यानें दोराचें आवरणच फाडतात. एरवीं चिखलानें माखलेल्या दोरावर हेच दांते उपयोगी. ओल्या दोरावर प्रुसिकची गांठ घसरूं शकते. तरीहि जुमार निसटून खालीं गेला तर काय करावयाचें? यासाठीं बारीक दोरीचें एक वेटोळें कमरेस अडकवून ठेवावें. त्याचें वजन छटाकभरहि भरत नाहीं.