भांडी नव्हती, तेव्हाही माळा होत्या

आज बलुचिस्तानात जाऊ या. बोलन खिंड उतरली की काची मैदान लागतं. फौजी माणसाला ही खिंड ठाऊक असते ती 1839 सालामुळे. इंग्रजांची फौज याच वाटेनं कंदहारवर गेली. खिंडीच्या तोंडाशी मेहेरगढ आहे. झाँ-फ्रान्स्वा झारीज यांच्या फ्रेंच पथकानं 1974 पासून तिथं खणायला घेतलं आणि शेतकऱ्यांचं एक फार जुनं गाव वर आलं. जव-गहू, शेळ्या, गुरं, कच्च्या विटांची घरं.

या गावाचा आरंभ बरीच वर्षं इ.स.पू. 7000 असा सांगितला जायचा. 2025 मध्ये तिथल्या दफनांतल्या दातांच्या कार्बन तारखा आल्या आणि जुनी दफनभूमी इ.स.पू. 5200 च्या आसपास सुरू झाली असं दिसलं. काहींना याचं वाईट वाटलं असेल. मला विचाराल तर, मोजमाप सुधारलं की तारीख सरकणारच.

आपल्याला वाटतं, माणूस आधी पोटापाण्याचं बघतो, नटणं-मुरडणं नंतर. मेहेरगढच्या पहिल्या थरांत भाजलेली मडकी नाहीत. डांबर माखलेल्या टोपल्यांवर काम भागायचं. आणि त्याच लोकांच्या थडग्यांत गळ्यातल्या माळा, कमरेचे पट्टे, मनगटातले मणी! त्यात समुद्रातले शंख-शिंपले आहेत. मकरानचा किनारा तिथून सुमारे 500 किलोमीटर दूर. लाजवर्द आणि पिरोजाही आहेत, तेही जवळपास मिळणारे दगड नव्हेत. घोडा नाही, चाक नाही. आयुष्यभर रसदीचे हिशेब केलेल्या माणसाला हे अंतर चटकन जाणवतं. पोट भरायला शिंपल्याची काहीच गरज नव्हती, तरी कुणीतरी तो हातोहात तिथवर पोचवला.

मण्याला भोक पाडणं हे खरं कौशल्य. त्यासाठी गारगोटीचं टोक लावलेला, धनुकलीनं फिरवायचा सामता असे. 2006 मध्ये संशोधकांनी दाखवलं की इथल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना, ती जिवंत असतानाच, भोकं पाडलेली होती. तसल्याच सामत्यानं आज करून पाहिलं, तर दाताला भोक पडायला मिनिटही लागलं नाही. हा हात मणी करणाऱ्यांचाच असावा, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो.

एका थडग्यात एक पुरुष आहे, पायाशी वर्ष-दोन वर्षांचं मूल. पुरुषाच्या डाव्या मनगटाजवळ तांब्याचे आठ मणी. पातळ पत्रा ठोकून, काडीभोवती गुंडाळून केलेले. सुती धागा एरवी कधीच मातीत विरला असता. पण तांब्याच्या गंजानं एका मण्याच्या आत त्याचे तंतू राखले. सूक्ष्मदर्शकाखाली ते कापसाचे निघाले. कापसाच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. मणी ओवलेला तो दोरा होता, म्हणून तो आपल्यापर्यंत आला.