टेम्पो, मॅटाडोर, छोटा हत्ती : आपल्या कापसाच्या गाडीची गोष्ट

सीझन संपला की गावात जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. यंदा आमच्याकडं दोघं जण जुना छोटा हत्ती पाहत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो, थोडं मागून.

आमच्या आजाचा कापूस बंडीनं जाई. पुढं रेल्वेनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर अडीच फुटी रूळ टाकले ते कापसासाठीच. दारव्हा, कारंजा करत गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर, तिथून मुंबई आणि मग मँचेस्टर. गंमत पाहा, या शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल इंजिन आलं. तोवर माल रस्त्यावर गेला होता.

रस्त्यावर आणला टेम्पोनं. 'टेम्पो' हे खरं तर हॅम्बुर्गच्या जर्मन कंपनीचं नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी तिच्याशी करार करून तीनचाकी गाडी काढली, अन् तेव्हापासून आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. त्याच बजाज टेम्पोची पुढं मॅटाडोर आली.

पण आमच्या घरी मॅटाडोर आली नाही. कारण साधं होतं. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी. केंद्रावर रांग. बैलाला कडबा टाकला की बंडी दोन दिवस उभी राहते. भाड्याची गाडी उभी राहिली की खोळंब्याचे पैसे लागतात. ती योजना गुंडाळली गेली, जिनिंग आणि बाजार समिती निवडायची मोकळीक मिळाली, तेव्हा कुठं स्वतःच्या गाडीला अर्थ आला.

२००५ मध्ये टाटांचा एस आला. दोन सिलिंडर, ७०२ सीसी डिझेल, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल. त्याच वर्षी बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, आपल्या तोंडात राहिला.

मीही असाच एक जुना छोटा हत्ती घेतला होता. स्टॅम्पपेपरवर सौदा, नाव नंतर करू म्हटलं. ऐन तुरीच्या सीझनमध्ये फायनान्सवाले आले अन् गाडी ओढून नेली. आधीच्या मालकाचे हप्ते थकले होते, आरसीवर बोजा तसाच. पैसेही गेले, गाडीही गेली. बाबा एवढंच म्हणाले, "बैल घेताना दात मोजतोस, गाडीचं काय मोजलंस?"

तेव्हापासून मी गाडीचे दात मोजतो, ते असे :

आरसीवर बोजा आहे का? असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. हे टाळलं तर विकणाराही अडकतो : अपघात झाला की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलं.

फिटनेस पाहा. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी लागतं. विमाही आपल्या नावावर करून घ्या. एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यामुळं परमिटच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

इंजिन थंड असताना सुरू करा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढल्यावर दमादमानं धूर येत असेल तर गाडी सोडा.

खाली वाकून पाटे अन् चेसिस पाहा. कापसानं फाळका भरतो, वजन भरत नाही. रेती-गिट्टी ओढलेली गाडी मात्र पाट्यांवरून लगेच कळते.

बाबा आता नाहीत. पण गोठ्यात बैल पाहायला कुणी आलं की त्यांचं ते वाक्य आठवतं. या हंगामात सौदा करणाऱ्या दोघांनाही तेच सांगितलंय : आधी दात मोजा, मग इसार द्या.