आधी सुहृद, मग ज्ञातिजन

जयपूरच्या राजवाड्यातील मुबारक महालात, जुन्या संस्थानी वस्त्रसंग्रहात, सवाई माधवसिंह पहिला याचे आतमसुख, म्हणजे थंडीत अंगावर घ्यावयाचे रुईभरले पायघोळ वस्त्र, मांडून ठेवलेले आहे. आणि त्याचा विस्तार पाहून प्रेक्षक, तो कोणत्याही प्रांतीचा असो, क्षणभर थबकतो व मग सोबत्याकडे वळून हसतो. वाटाडे या राजाचे वजन अडीचशे किलो सांगतात. आकडा ऐकीव आहे, पण वस्त्राची मापे डोळ्यांसमोर आहेत. मराठी वाचकास हा पुरुष अपरिचित नाही: 1750 च्या अखेरीस तेव्हाचा राजा ईश्वरीसिंह याने विष घेऊन प्राणत्याग केल्यावर मल्हारराव होळकरांच्या पाठबळाने जो गादीवर आला, आणि ज्याच्या राज्यारोहणानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 1751 मध्ये, जयपूर शहरात मराठ्यांची भयंकर कत्तल झाली, तोच हा माधवसिंह. 1768 साली, वयाची चाळिशी पुरी होण्यापूर्वीच, तो मरण पावला. त्याच्या लढायांच्या, तहांच्या आणि खंडणीच्या हप्त्यांच्या नोंदी दप्तरांत सापडतात. संस्थानच्या छत्तीस कारखान्यांतील रंगखाना आणि छापाखाना यांचाही वृत्तांत मिळतो. परंतु एवढा देह दरबारात, घोड्यावर आणि जनान्यात वागविताना त्याच्या मनावर काय ओझे पडत असेल, हे कोणत्याही कारकुनाने लिहून ठेवलेले नाही.

ही उपेक्षा काही एका दरबाराची नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायाच्या आरंभी, देहावरून निंदिले जाणारे आठ पुरुष सांगितले आहेत. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोमश, अलोमा, अतिकृष्ण आणि अतिगौर यांच्या पंक्तीस अतिस्थूल आणि अतिकृश बसविले असून या शेवटच्या दोघांचा विचार विशेष विस्ताराने केला आहे. आयुष्याचा ऱ्हास, गतीचा अवरोध, दुर्बलता, अतिस्वेद, अतिक्षुधा, अतितृषा इत्यादी अतिस्थूलाचे आठ दोष तेथे मोजले आहेत. तथापि त्याच अध्यायात स्थौल्याच्या कारणांमध्ये अतिभोजन आणि दिवास्वाप यांच्याबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती, हेही एक कारण म्हणून नोंदलेले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण लठ्ठ माणसास आळशी आणि खादाड ठरवून मोकळे होणारा समाज इतक्या जुन्या वैद्याने दाखविलेले हे कारण अद्याप ऐकून घ्यावयास तयार नाही.

या ग्रंथाची परंपरा जयपुरात अखंड शिकविली गेली. महाराजा संस्कृत महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकापासून आयुर्वेदाचे अध्यापन होत असे, आणि 1976 साली केंद्र सरकारने जोरावरसिंह दरवाजाजवळच्या माधवविलासात राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान स्थापन केले. तेथे पंचकर्म शिकणारा विद्यार्थी सूत्रस्थानाचा पंधरावा अध्याय वाचतो, त्यात वमन-विरेचनाची पूर्वतयारी वर्णिलेली आहे. राजाला किंवा श्रीमंताला शोधन द्यावयाचे तर आधी वारा नसलेले, धूर-धूळ न येणारे घर बांधावे, औषधे व भांडी जमवावी, आणि त्याबरोबर गाणारे, वाजविणारे, कथा-आख्यायिका-इतिहास सांगणारे, रुग्णाच्या मनातले ओळखणारे व त्याला आवडणारे लोक त्या घरात ठेवावे, अशी स्पष्ट तरतूद आहे. तसेच नवव्या अध्यायात परिचारकाचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत उपचाराचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला अनुराग हा गुण आहे. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने पातळापासून घट्टाकडे आहार वाढवावयाचा; आणि बळ आले, झोप सुखाची झाली, की रुग्णास स्नान घालून, वस्त्रालंकार लेववून, प्रथम सुहृदांस दाखवावयाचे, नंतर ज्ञातिजनांस, आणि त्यानंतरच त्याला त्याच्या इच्छित व्यवहारांस मोकळे करावयाचे. बदललेल्या देहाने माणसांत परत जाणे ही उपचाराचीच एक पायरी आहे, असे येथे धरलेले दिसते.

वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच्या मानाने अगदी अलीकडचा. 1954 साली अमेरिकेतील मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे त्या रीतीने यकृताचे गंभीर विकार उद्भवतात असे दिसून ती मागे पडली. 1966 मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा काढून तो आतड्यास जोडला, आणि आजच्या बायपासचा पाया घातला गेला. रुग्णाची निवड शल्यवैद्याने एकट्याने करू नये, भिषग्, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून करावी, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने सांगितले ते मात्र 1991 साली.

मनाला आधार देण्याची व्यवस्था जयपुरात निराळ्याच, म्हणजे पाय कापण्याच्या, शस्त्रक्रियेच्या निमित्ताने घडली, आणि ती मला या विषयाची खरी पाठशाळा वाटते. सवाई मानसिंह रुग्णालयात 1968 साली अस्थिशल्यज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा असा पाय घडविला, की तो लावून माणसाला मांडी घालता यावी, शेतात चालता यावे, जोडे काढून देवळात जाता यावे. पुढे 1969 मध्ये पोखरणजवळच्या मोटार-अपघातात पाय गमावण्याच्या काठापर्यंत गेलेले सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांनी 1975 साली भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती स्थापिली. आणि तिने रिवाज असा पाडला, की दूरच्या गावाहून येणाऱ्या रुग्णास कोणत्याही वेळी आत घ्यावे, त्याला आणि त्याच्या सोबत्याला निवास व भोजन विनामूल्य द्यावे, व पाय बसवूनच घरी पाठवावे. पाय तुटलेला शेतकरी तेथे येतो तेव्हा त्याच ओसरीवर त्याच्यासारखीच माणसे बसलेली, उठलेली, पहिली पावले टाकीत असलेली त्याला दिसतात. कोणताही समुपदेशक जे तासभर बोलूनही पटवू शकणार नाही, ते हा देखावा पटवितो.

वजनाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला असा देखावा सहसा मिळत नाही, कारण तो लपतो. गुडघे गेले म्हणून लोक दया करतात. पोटावर शस्त्रक्रिया केली म्हटले की 'तोंड आवरता आले नाही का' असे विचारतात. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली व ती सर्वत्र जाहीर झाली, याचा उपयोग अनेक मराठी घरांत झाला असेल, असे मला वाटते. पण मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला पुष्कळदा मामुली कागद होऊन फाइलीत पडतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष कौतुकात गेल्यावर पुढच्या वर्षांत, म्हणजे वजन पुन्हा चढू लागते, बायपासनंतर मद्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित कोणाला जीव नकोसा होतो त्या काळात, विचारपूस करणारे कोणी उरत नाही.

त्यात राजस्थानची मनुहार. लग्नघरी यजमान स्वतः हाताने घास भरवितो, आणि नाही म्हणणे हा अपमान समजला जातो. आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रह तो याचाच भाऊबंद. ज्याच्या जठरात आता एक वाटी मावते, त्याच्या ताटात घेवराचा तुकडा पडतो. तो खाल्ला तर बायपास झालेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. न खाल्ला तर मावशी रुसते. हे दुःख शल्यवैद्याच्या टिपणात येत नाही. ते येते काही रुग्णालयांत जुने रुग्ण नव्यांबरोबर बसतात त्या बैठकांत. तिथे कुणी विचारतो की पाण्याचा घोट किती वेळाने घ्यावा, कुणी विचारते की तिसऱ्या महिन्यात गळू लागलेले केस परत येतात का, आणि ज्याने हे सारे भोगलेले असते तो सांगतो की येतात, आणि लग्नाला जाताना आपल्या बाजूचा एक माणूस आधीच सांगून शेजारी बसवून घ्यावा, म्हणजे यजमान वाढायला आला की उत्तर त्याने द्यावे.