गुडघ्यातली चंद्रकोर

माणसाच्या गुडघ्यात चंद्रकोर असते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी काष्टीच्या बाजारात समजलं. एकेका गुडघ्यात दोन-दोन! मेनिस्कस म्हणतात तिला, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही छोटी चंद्रकोर असाच आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये घातलेली ही कूर्चेची गादी. लोक 'गादी फाटली' म्हणतात ते हिच्याबद्दल.

काष्टीचा शनिवारचा बाजार जनावरांचा. एका कर्जदाराच्या गाईच्या कानातला बिल्ला तपासायला मी उकिडवा बसलो. गाईनं मान फिरवली, मी तिरका होऊन उठलो आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. शेजारचा एक व्यापारी माझा पाय न्याहाळून म्हणाला, "सायेब, बैल असता तर निम्म्या किमतीलाबी कुणी हात लावला नसता."

डॉक्टरांनी एमआरआय पाहून दोन मार्ग सांगितले. फाटलेला तुकडा काढून टाकायचा आणि दोनेक आठवड्यांत कामावर जायचं, किंवा दुर्बिणीतून टाके घालायचे आणि सहा आठवडे कुबड्या. "विचार करून सांगा," म्हणाले. मी पडलो कॉमर्सचा. जुनं खातं तपासल्याशिवाय सही करायची सवय नाही. म्हणून घरी पाय उशीवर ठेवून गुडघ्याचा इतिहास वाचत बसलो.

सुश्रुताने जानू हे मर्मस्थान मानलं आहे. तिथे इजा झाली की माणूस लंगडा होतो, असं तो सांगतो. बाजारातल्या व्यापाऱ्याचं निदान यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

टाके घालायची कल्पना मात्र मला वाटलं होतं तितकी नवी निघाली नाही. १६ नोव्हेंबर १८८३ रोजी एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराचा गुडघा उघडून सुटलेली चंद्रकोर टाके घालून जागेवर बसवली. पण चारच वर्षांनी, १८८७ साली, ब्लंड-सटन या इंग्रज शल्यविशारदाने जाहीर केलं की ही गादी म्हणजे पायाच्या स्नायूंचा निरुपयोगी अवशेष! इथे मी पुस्तक मिटलं. मॅनेजर आणि गिऱ्हाईक या दोन हाडांच्या मधोमध मी वीस वर्षं बसलो आहे. मधल्या माणसाला निरुपयोगी म्हणणारे मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

पण मोठ्या माणसाचा शेरा फाईलवर पडला की पडला. पुढे कित्येक वर्षं गादी फाटली की अख्खी काढून फेकायची पद्धत राहिली. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्सरे पाहिले, तर हाडाच्या कडा चपट्या झालेल्या आणि मधली फट कमी झालेली. माणूस कमी केल्यावरच तो काय काम करत होता ते कळतं, हे आमच्या शाखेतही सिद्ध झालेलं आहे.

दुर्बिणीची गोष्ट जपानची. १९१८ साली टोकियोच्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयाने गुडघे आखडत, आणि जमिनीवर बसणाऱ्या जपानी माणसाला आखडलेला गुडघा म्हणजे जन्माची शिक्षा. (पंगतीत पाटावर बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) त्यांचे शिष्य मसाकी वातानाबे यांनी एकामागून एक दुर्बिणी करत १९५० च्या दशकाच्या अखेरीस एकविसाव्या क्रमांकाची काढली, ती चालली. टोकाला इवलासा दिवा, तोही कधीकधी गुडघ्यातच फुटायचा! ४ मे १९६२ रोजी वातानाबेंनी सतरा वर्षांच्या एका बास्केटबॉलपटूच्या गादीचा फक्त फाटलेला तुकडा दुर्बिणीतून काढला. सहा आठवड्यांत पोरगं पुन्हा मैदानात.

इथे मला आमचे खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५६ च्या मेलबर्नला मात्र त्यांना जाता आलं नाही. गुडघ्याने दगा दिला. वातानाबेंची ती दुर्बीण त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली, आणि तीही टोकियोत. गोळेश्वरहून टोकियो किती लांब, हे नकाशावर बघू नये.

ही विद्या तिकडून बाहेर पडली तीही योगायोगानेच. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट जॅक्सन १९६४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने जपानात गेले होते. वातानाबेंकडून ते दुर्बीण शिकले आणि बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवलं. व्यवहार चोख. पुढे १९६९ मध्ये टोकियोतच हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून गादीला टाके घातले. म्हणजे अ‍ॅनंडेलच्या टाक्यापाशी परत यायला गुडघ्याला शहाऐंशी वर्षं लागली.

तरी सगळीच फाटलेली गादी सांधत नाही. १९८२ साली आर्नोकझ्की आणि वॉरन यांनी दाखवून दिलं की तिच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. आतला भाग कोरडा, तिथे टाके सहसा धरत नाहीत.

मी डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारलं, "माझी कुठे फाटलीय?"

"कडेला."

"मग शिवा."

सहा आठवडे कुबड्या, आणि पुढे चार महिने उकिडवं बसायची बंदी. मांडी घालून जेवायला तर त्याहून उशीर लागला. बरा झाल्यावर काष्टीला गेलो, तर तोच व्यापारी भेटला. माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "चालतोय की! किती खर्च आला, सायेब?"

मी आकडा सांगितला.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळहळून म्हणाला, "खिल्लार जोडी आली असती."